जाऊबाई, यंदा धुरे जळले नाहीत

बाई, तुमच्या तेरवीला मी रडले नाही म्हणून तुमच्या माहेरच्या बाया अजून बोलतात. बोलू द्या. दोन पंगती उठायच्या होत्या, वांग्याची भाजी कमी पडत होती आणि आचारी सावलीत जाऊन बसला होता. मी रडत बसले असते तर वाढलं कोणी असतं? थोरले भाऊजी गेले तेव्हा तुम्हीही असंच केलं होतं. पदर खोचून भाताचं पातेलं स्वतः उतरवलं होतं. मी तेव्हा या घरात नवी होते. मनात म्हटलं, काय कोरडी जाऊ मिळाली आहे. आता माझ्याबद्दल कोणीतरी तेच म्हणत असेल.

पण तक्रार करायला बसलेले नाही. तुम्हाला एक बातमी द्यायची आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगण्यात मजा नाही. वैशाख सरत आला. यंदा आपल्या शिवारात एकही धुरा जळला नाही. एकही नाही. देवीदासचासुद्धा नाही.

तुमच्या अकोल्याच्या जावयांना फाल्गुनात मला हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं होतं. दोन शेतांच्या मधला बांध म्हणजे धुरा, हे त्यांना माहीत होतं. पण तो जाळतात कशाला, ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, गहू-तूर घरात आली की उन्हाळ्यात गवत वाळतं. त्यात साप राहतात, रानडुकरं लपतात, तणाचं बी पडतं. एक काडी लावली की तिन्हींचा बंदोबस्त. आजे-सासऱ्यांपासून चालत आलं आहे. ज्याचा धुरा काळा नाही तो आळशी. ते म्हणाले, "आणि आग पुढं गेली तर?" मी म्हटलं, "जाते की. दरवर्षी कोणाच्या तरी बागेत जाते."

तुमच्या बागेत गेली होती ते त्यांना मी त्या दिवशी सांगितलं नाही.

चार वर्षं झाली. तुमच्या संत्र्याची बाग आणि आमचा कापसाचा, पऱ्हाटीचा तुकडा, मधे सामाईक धुरा. चैत्रातली दुपार होती. यांनी धुरा पेटवला आणि अर्ध्या तासात वारा फिरला. तुम्ही धावत जाऊन मोटर चालू केलीत, मी पाइप ओढला, यांनी हिरव्या फांद्यांनी झोडपलं. आग विझली तेव्हा बत्तीस झाडं करपली होती. बारा वर्षांची झाडं. तुम्ही त्यांच्यामधून एक चक्कर मारून आलात, पायाला राख लागली होती ती मोटरीच्या पाण्यात धुतलीत आणि म्हणालात, "शोभा, चहा ठेव. घसा सुकला." बस. भांडण नाही, ठाण्यात तक्रार नाही, तालुक्याला अर्ज नाही. सगळं गाव वाट पाहत होतं की आता जावा-जावांची जुंपते. तुम्ही कोणाचीच मजा होऊ दिली नाही. मला तर भांडण परवडलं असतं. तुमच्या त्या चहाने माझी झोप गेली.

महिन्याभराने तुम्ही बैठक सुरू केलीत. बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजूर कामावर नसतात आणि बाजाराला लोक उन्हं उतरल्यावरच निघतात. जागा संत्र्याच्या पॅकिंगची रिकामी शेड. पालथ्या घातलेल्या कॅरेटचं गोल रिंगण. सरपंचांनी खुर्ची मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "खुर्चीवर बसलं की मानूस भाषन करते. कॅरेटवर बसलं की बोलते." नियम दोनच ठेवलेत. काळ्या मातीबद्दल, पाण्याबद्दल, झाडाबद्दल जे बोलायचं ते स्वतःच्या शेतातलं, स्वतःच्या धुऱ्यापासूनचं. दुसऱ्याकडे बोट नाही. आणि हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांचं हो झालं तरच हो.

मी हसले होते. घरी येऊन यांना म्हटलं, "सगळ्यांचं हो होईपर्यंत तुमची वहिनी शंभरीची होईल." लोक पहिल्या दिवशी चहासाठी आले. तुम्ही चहा शेवटी ठेवलात, म्हणून थांबले. थांबले म्हणून बोलले. आपल्या शिवारातल्या माणसाला स्वतःच्या चुकीबद्दल बोलायला लावणं म्हणजे बैलाला आंघोळीसाठी नदीत उतरवण्यासारखं. आधी चारी पाय रोवतो, मग निघायचं नाव घेत नाही. कोणी सांगितलं, मी तणनाशक मारलं आणि शेजारच्या निंबोणीची पानं वाळली. कोणी सांगितलं, दरवर्षी नांगराचं एक तास धुऱ्यात घुसवतो, आता धुरा दोरीएवढा राहिला. शब्बीरभाई बागांचे सौदे करतात, त्यांना स्वतःची दोनच एकर, पण तेही म्हणाले, "मेरे खेत में गांडूळ दिखा नहीं पाच साल से. जाळजाळ के माती भाजून टाकली मी."

सव्वादोन वर्षांत धुरे न जाळण्याला एकेकाचं हो येत गेलं. शेवटी एकच नाही उरलं. ते माझं होतं.

त्यावरून आपण किती भांडलो, बाई. स्वयंपाकघरात, विहिरीवर, एकदा तर मोर्शीच्या बसस्टँडवर, लोक वळून बघत होते.

"तू काहून आडवी पडून राहिली?" तुम्ही विचारलं.

"जाळणं पुरुषांचं काम आहे. एक काडी. जाळायचं नाही म्हटलं की कापायचं आलं. कापणार कोण? विळा कोणाच्या हातात येणार?"

"मंग हे बैठकीत बोल ना."

"बोलले. सगळे माना हलवतात."

"माना हलवतात ते पटलं म्हनून नाही. आपल्या अंगावर येऊ नये म्हनून. पुन्हा बोल."

मी पुन्हा बोलले. चार बैठकांत बोलले. आणि मी खरंच बोलत होते, हे तुम्हाला माहीत आहे. तुरी सोंगणं, निंदणं, वेचणं, सगळं बाया करतात. त्यात आता भर उन्हात काटेरी धुरे कापायचे, मग पृथ्वी वाचवल्याचं समाधान पुरुषांनी घ्यायचं? हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. यावर तुम्ही जे केलंत ते माझ्या डोक्यात आलं नसतं. यंदा माघातल्या बैठकीत म्हणालात, "शोभाचं बरोबर हाये. धुरा दोघांचा असते. मंग ज्या दोघांचा धुरा, त्या दोघा मानसांनी कापाचा. एकाच दिवशी, दोन्ही बाजूंनी. बायानं विळ्याले हात लावाचा नाही. दोन दिवसांचं काम हाये, मरत नाही कोनी."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एक बाई हसली. मग सगळ्याच. पुरुषांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. दीड वर्ष तेच हो म्हणत होते. मी हो म्हटलं. म्हणावंच लागलं, तुम्ही माझाच मुद्दा माझ्या हातात दिला होता.

फाल्गुनात शिवाराची काय मजा झाली! वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका धुऱ्यावर वाकून उभी. वीतभर खुंट ठेवायचे, मुळं उपटायची नाहीत, कापलेलं गवत संत्र्याच्या आळ्यात पसरायचं, झाडाला हात लावायचा नाही, हे सगळं बैठकीत ठरलेलं. तुमच्याकडून जावई आले, डोक्यावर टोपी, डोळ्याला गॉगल. तासाभरात हाताला फोड. हे त्यांना म्हणाले, "जावईबापू, विळा धरला की पेन?" तुम्ही बागेत बसून बघत होतात आणि तोंडाला पदर लावून हसत होतात. आपल्या धुऱ्यावरची बोर मात्र मी तोडायला सांगितली आणि तुम्ही उठून आडव्या झालात. तिच्या काट्यांनी ट्रॅक्टरची ट्यूब दोनदा गेली आहे, बाई. तुम्ही म्हणालात, पाखरं बसतात. मी म्हटलं, पंक्चर काढायला पाखरं येतात का? हा वाद मिटलेला नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं धरू नका.

सगळे धुरे झाले, एक राहिला. देवीदास आणि नामदेव, सख्खे भाऊ, वाटणी झाल्यापासून नऊ वर्षं अबोला. देवीदासने बैठकीत हो म्हटलं होतं. पण रोज उद्या, रोज उद्या. नामदेव म्हणायचा, तो आला की मी येतो. चैत्र असाच गेला. आणि चैत्राच्या शेवटी तुम्ही अमरावतीच्या दवाखान्यातून परत आला नाहीत.

तेरवीनंतर चार दिवसांनी बाजार होता. बैठक घ्यायची की नाही, यावर लोक घुटमळत होते. मी शेड झाडली, कॅरेट लावले. तुमचं तेवढं ठेवलं नाही. रिकामं कॅरेट ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं, हे तुम्हाला आवडलं नसतं आणि मलाही जमत नाही. सगळे बसल्यावर देवीदास बोलला. "मी बाईले शब्द देल्ला होता. बाई गेली, शब्द गेला. माहा धुरा मी उद्या जाळतो."

मला भीती वाटली, ती त्याच्या एका धुऱ्याची नव्हती. त्याने जाळला की दुसरा म्हणणार, मीच का कापला? पुढच्या उन्हाळ्यात सगळं शिवार पुन्हा काळं. तुमची चार वर्षं एका काडीत. मी म्हटलं, "देवीदासभाऊ, असं करू नका."

त्याने माझ्याकडे मान वळवली. "वहिनी, तुमी काहून सांगून राहिल्या? सगळ्यात जास्त तर तुमीच आडव्या होत्या. बाई जित्ती असताना नाही, आन आता तिच्या मांगं हो?"

खरं होतं. त्यावर बायांच्या कष्टांचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते खरंही होतं. पण ते सगळ्या बायांचं उत्तर होतं, माझ्या धुऱ्याचं नव्हतं. आणि माझ्या धुऱ्याबद्दल मी त्या रिंगणात चार वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्या धुऱ्याचं सांगते. विमलबाईंची बत्तीस झाडं जळली, ती आग यांनी लावली असं सगळे धरतात. काडी यांनी लावली. पण लावायला मी सांगितलं. हे नाही म्हणत होते, वारा आहे म्हणत होते. आदल्या दिवशी तिथं साप दिसला होता म्हणून मी मागे लागले. आणि नंतर यांना म्हटलं, माझं नाव घेऊ नका. मी बैठकीत दीड वर्ष नाही म्हटलं, कारण हो म्हटलं असतं तर हे सांगावं लागलं असतं."

हे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. चार वर्षं त्यांनी तो आळ डोक्यावर वाहिला, एकदाही टोचून बोलले नाहीत.

मी वाट पाहत होते की आता कोणी तरी थुंकेल. शब्बीरभाईंनी खाकरून घसा साफ केला. "वहिनी, ये तो सबको मालूम है."

"कोणी सांगितलं?"

"सांगाचं काय त्यात? मी त्या दिवशी बाईच्या बागेत बहार पाहत होतो. बाई माझ्या बाजूले उभी. तुमी धुऱ्यावरून भाऊंवर वरडल्या, जाळून टाका एकदाचा! तुमचा आवाज काय कमी हाये? मोर्शीपर्यंत गेला असन."

"बाईंनी ऐकलं?"

"ऐकलं ना. नंतर मला म्हणे, शब्बीर, तू काही ऐकलं नाही. मी कोणाले नाही सांगितलं. फक्त घरी सांगितलं."

"घरी सांगितलं म्हंजे गावाले सांगितलं," नामदेव पलीकडून म्हणाला आणि शेड हसण्याने दणाणली. शब्बीरभाईसुद्धा हसत होते. हे हळूच मला म्हणाले, "मले वाटलं होतं ते पचलं."

तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चहा ठेव म्हणालात तेव्हाही. बसस्टँडवर माझ्याशी हुज्जत घालत होतात तेव्हाही. मी नाही, नाही म्हणत राहिले आणि तुम्ही एकदाही तो पत्ता टाकला नाहीत. टाकला असता तर मी एका मिनिटात हो म्हटलं असतं. तुम्हाला तसलं हो नको होतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या तक्रारीतला खरा भाग वेचून काढलात आणि त्याचा गावासाठी नियम केलात. इतकं मोठं मन मला झेपत नाही, बाई. मी असते तर सांगितलं असतं. मोठ्या आवाजात सांगितलं असतं.

हसणं ओसरलं. मग देवीदासही बोलला, स्वतःच्या धुऱ्याचं. म्हणाला, "गवत कापाले माही ना नाही. त्या टोकाले नाम्या उभा राहीन, अन् मले त्याच्यासंगं काय बोलाव ते समजत नाही. नऊ वर्षांत काय बोलाव ते इसरून गेलो."

"बोलू नको ना," नामदेव म्हणाला. "काप फक्त."

नऊ वर्षांत भावाला म्हटलेलं ते पहिलं वाक्य. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या धुऱ्यावर गेलो, कारण शब्दावर विश्वास ठेवायला मी तुमच्याएवढी चांगली नाही. ते दोघं दोन टोकांना उभे राहिले. कापायला लागले. एकमेकांकडे बघत नव्हते, पण कोण किती पुढे आला हे दोघांनाही पक्कं कळत होतं. एकाने वेग वाढवला की दुसरा वाढवायचा. आम्ही मागून गवताचे भारे बांधून नामदेवच्या बागेत टाकत होतो. भारे बांधण्याला माझी हरकत नाही, ते ठरावात नव्हतं. उन्हं डोक्यावर यायच्या आत दोघं मधोमध येऊन भिडले. दोघांमध्ये हातभर गवत उरलेलं. दोघेही थांबले, घाम पुसला.

देवीदास नामदेवच्या हाताकडे बघत म्हणाला, "तुह्या विळ्याले धारच नाही बे."

नामदेव म्हणाला, "तुह्या बाजूचं गवतच कोवळं होतं. मले सांगतं!"

आणि हातभर गवत कोणाचं, यावर दोघं कडकडून भांडले. नऊ वर्षांचं सगळं भांडले. आईचं आजारपण निघालं, बैलजोडी निघाली, कोण कोणाच्या लग्नात जेवला नाही ते निघालं. शब्बीरभाई मध्ये पडायला निघाले, मी त्यांना मागे ओढलं. भांडता भांडता देवीदासने ते गवत कापून टाकलं, त्याच्या लक्षातही आलं नाही. मग त्याने सवयीने खिशातून माचिस काढली आणि बिडी पेटवली. एकदम पंधरा-वीस माणसं ओरडली, "विझव!" तो इतका दचकला की बिडी विळ्याच्या पात्यावर घासून विझवली, वर पाण्याची बाटली ओतली. नामदेव हसत हसत खाली बसला. मग देवीदासही त्याच्या शेजारी बसला. तुम्ही हे बघायला हव्या होतात. याच्यासाठी मला तुमचा राग येतो. दुसऱ्या कशासाठी नाही.

माझ्या बाजूने एक गोष्ट राहून गेली आहे. बत्तीस झाडांबद्दल मी तुमची कधी क्षमा मागितली नाही. आता कागदावर मागून फार उपयोग नाही, म्हणून दुसरं काम केलं. तुमच्या बागेतल्या त्या रिकाम्या जागी जावयांशी बोलून खड्डे करवून घेतले. मृगात कलमं लावणार. पाणी आमच्या विहिरीवरून. गवताचं आच्छादन आहे तिथं पाण्याची पाळी दोन दिवस पुढे गेली आहे, हे मी स्वतः बघितलं. तुम्ही सांगत होतात तेव्हा मानलं नव्हतं. आणि आपल्या धुऱ्यावर तित्तराची पिल्लं फिरतात. हेसुद्धा तुम्ही सांगितलं होतंत. प्रत्येक बाबतीत बरोबर असण्याची तुमची ही खोड मला मात्र शेवटपर्यंत आवडली नाही.

काल दुपारी ते खड्डे बघायला मी बागेत गेले होते. वारा सुटला होता, त्या दिवसासारखाच, गरम, पश्चिमेचा. गेली चार वर्षं असा वारा सुटला की मी घरात थांबत नसे. अंगणात येऊन चारी दिशांना धूर शोधत असे. जेवताना उठून जात असे. काल मी एका झाडाखाली गवतावर टेकले, पाय लांब केले आणि मला झोप लागली. भर दुपारी, वारा वाहत असताना, तुमच्या बागेत. ऊन कलल्यावर हे शोधत आले आणि म्हणाले, "अवं, तू इथं झोपून राहिली? मी सगळ्या शिवारात पाहून आलो."

मी विचारलं, "सगळ्या शिवारात?"

"हो."

"कुठं धूर?"

"कुठंच नाही," ते म्हणाले. "ऊठ आता."

मी आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिले.